बियर्डेड ड्रॅगनचा टँक: खान्देशात हीट आणि लाईटच्या या चुका टाळा

भुसावळला राहून बियर्डेड ड्रॅगन (सरड्याचा एक मोठा भाऊबंद) पाळतो म्हटलं की लोक पहिलं हेच बोलतात, अरे भो आपल्याकडे मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, त्याला अजून बल्ब कशाला? आणि जे नेटवर वाचून येतात ते थंड देशातल्या लोकांचं वाचून भर उन्हाळ्यात पण 100 वॉटचा बल्ब सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवतात. दोघंही चुकतात. मी दुसऱ्या गटातला होतो.

पहिल्याच मे महिन्यात आमचा भुऱ्या दुपारी बल्बपासून पार लांबच्या कोपऱ्यात काचेला चिकटून तोंड वासून बसलेला, आणि मला वाटलं मस्त आराम चाललाय. बल्बखाली बसून तोंड उघडलं तर काही नाही, जास्तीची उष्णता बाहेर टाकायची त्यांची ती पद्धतच आहे, पण थंड बाजूला जाऊनही तोंड उघडंच असेल तर त्याला पळायला जागा उरलेली नाही असं समजायचं. मोजलं तर थंड बाजू 37. ती 24 ते 29 च्या आसपास पाहिजे आणि बल्बखालचा दगड किंवा लाकूड मोठ्या ड्रॅगनसाठी 38 ते 42. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला प्राणी असला तरी तिकडे तो झुडपाखाली, बिळात जाऊ शकतो, टँकमध्ये कुठे जाणार?

म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात कमी पडते ती गरमी नाही, थंडावा. म्हणून हीटचा बल्ब आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारी ट्यूब वेगवेगळी घ्या, स्विच पण वेगळे ठेवा. दोन्ही एकाच बल्बमध्ये देणारा मर्क्युरी व्हेपर येतो, तो आपल्याकडे अजिबात नको, कारण हीट बंद केली की यूव्हीबी पण बंद. मी एप्रिल-मे मध्ये हीटचा बल्ब सकाळी दोन-तीन तासच लावतो, मग बंद, ट्यूब मात्र 12 तास चालू. टँक स्लॅबखालच्या वरच्या खोलीतून खाली मधल्या खोलीत आणला, थंड बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. कूलर खोलीत चालू द्या, पण त्याचं तोंड टँककडे नको, या प्राण्याला दमट हवा सोसत नाही.

आता यूव्हीबी, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. खिडकीतून ऊन येतं म्हणून ट्यूब न घेणारे बरेच भेटलेत. साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, उलट काचेचा टँक उन्हात तापून भट्टी होतो, म्हणजे फायदा शून्य आणि जीवाला धोका. यूव्हीबी नाही तर अंगात व्हिटॅमिन डी3 तयार होत नाही, डी3 नाही तर कॅल्शियम कितीही चारा, हाडं मऊ पडतात. पाय थरथरायला लागले, जबडा मऊ लागला तर ट्यूब बदलत बसू नका, आधी डॉक्टर.

नोटा तपासायचा जांभळा बल्ब म्हणजे यूव्हीबी नाही. आणि पाणी शुद्ध करायच्या मशीनमधली यूव्ही ट्यूब तर चुकूनही लावू नका, ती यूव्हीसी असते, जंतू मारणारे घातक किरण, त्याचे डोळे जातील आणि तुमचे पण. सरळ टी5 ची (बारीक नळीची) 10 किंवा 12 टक्के यूव्हीबीवाली लांब ट्यूब घ्या, टँकच्या अर्ध्याहून जास्त लांबीची, आणि हीटच्या बल्बच्याच बाजूला लावा, कारण कातडीत डी3 बनायचं काम पूर्ण व्हायला ऊब पण लागते. टँकवरच्या जाळीच्या आत लावली तर ड्रॅगनच्या पाठीपासून 12 ते 15 इंच, जाळीवर ठेवली तर जवळ आणावी लागते कारण जाळीच तिसरा हिस्सा खाते, कधी त्याहून जास्त. वर्षभराने ट्यूब पेटत असली तरी बदला, यूव्हीबी आधीच कमी झालेलं असतं आणि डोळ्याला कळत नाही. मी ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतो.

काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर मला दुकानदाराने फुकट दिला होता. तो 32 दाखवायचा आणि बल्बखालचं लाकूड इन्फ्रारेड गनने 52 निघालं!! फुकटचं ते फुकटचंच. दगडासाठी गन आणि थंड बाजूला प्रोबवाला डिजिटल, एवढं घ्याच. गरम होणारा इलेक्ट्रिक दगड मिळतो तो घेऊ नका, पोट भाजतं तरी हे लवकर हलत नाहीत.

होल्डर प्लास्टिकचा नको, पोर्सिलेनचा घ्या, प्लास्टिकचा माझा वितळला. लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखा ठेवा, हीटचा बल्ब नाही.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा रात्री लाल बल्ब लावणारे असतात. रंगीत उजेड त्यांना दिसतो, डोक्यावर उजेड ओळखणारा तिसरा डोळा पण असतो, झोपेचं वाटोळं होतं. खोली रात्री 18 च्या खाली जात नसेल तर काहीच लावू नका, जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवरच.

शेजारच्या आजी अजूनही दर दोन दिवसांनी येऊन विचारतात, "हाई घोरपड शे का रे भाऊ?" नाही आजी, घोरपड पाळली तर वनखातं मलाच टँकमध्ये ठेवेल.