लायब्ररीचं एक्स्टेन्शन ‘चालत नाही’? आधी या चुका टाळा

‘मॅडम, एक्स्टेन्शन चालत नाही.’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-रिसोर्सेसच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. (एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. इथलं ग्रंथालयाने घेतलेल्या लेखांपर्यंत पोचायला मदत करणारं.) कुठलं एक्स्टेन्शन, कुठल्या साइटवर, पडद्यावर नेमकं काय आलं, यातलं काहीच सांगायचं नाही. सिनॉप्सिस मात्र उद्या द्यायचा असतो. रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

पहिला गैरसमज. लीन लायब्ररी घ्या, लिबकी नोमॅड घ्या, एंडनोट क्लिक घ्या, एकाही एक्स्टेन्शनच्या पोटात जर्नल नसतं. तुम्ही प्रकाशकाच्या पानावर गेलात की ते फक्त तपासतं, हा लेख तुमच्या ग्रंथालयाकडे आहे का. असेल तर तुम्हाला ग्रंथालयाच्या लॉगिनकडे वळवतं, नसेल तर कुठे मोफत प्रत आहे का ते बघतं. त्याचं काम तिथे संपलं. ज्या जर्नलचे पैसे कुणी भरलेलेच नाहीत ते एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकलं तरी उघडणार नाही. तरीही लोक काढतात आणि टाकतात, मग लॅपटॉप रीस्टार्ट करतात.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारने एकत्र जर्नल्सची वर्गणी भरण्याची योजना सुरू झाली, तेव्हापासून ‘आता सगळं फुकटच आहे ना?’ हा नवा प्रश्न आलाय. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना खरंच मोठी आहे, पण तिच्यात जगातलं प्रत्येक जर्नल नाही. शिवाय ती आखलीय केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. संलग्न कॉलेजातल्या मुलांना वाटतं, पदवीवर विद्यापीठाचं नाव आहे म्हणजे विद्यापीठाचं लॉगिनही आपलंच. तसं नसतं. एक्स्टेन्शनच्या यादीत विद्यापीठाचं नाव निवडता येतं म्हणून ते निवडायचं, आणि लॉगिनच्या पानावर पासवर्ड चुकीचा येतो म्हणून आमच्याशी भांडायचं, हा प्रकार दर जुलैमध्ये होतो. आधी आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा की आपल्याकडे नक्की काय आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पण माणसाशी बोलावं लागतं म्हणून कुणी करत नाही.

प्रॉक्सीचा पत्ता संदर्भसूचीत टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यावर जरा सविस्तर बोलते.

एक्स्टेन्शनने तुम्हाला प्रॉक्सीतून, म्हणजे विद्यापीठाच्या मधल्या सर्व्हरमधून, आत नेलं की ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता बदलतो. प्रकाशकाचं नाव दिसतं, पण त्याच्यापुढे आपल्या विद्यापीठाचं शेपूट लागलेलं असतं. ईझीप्रॉक्सी हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रकाशकाच्या नावातल्या टिंबांच्या जागी आडव्या रेघा आलेल्या दिसतील. हा पत्ता फक्त आपल्या विद्यापीठाचं लॉगिन असलेल्यांसाठी असतो. बाहेरच्या माणसाने तो उघडला की त्याला लेख दिसत नाही, आपलं लॉगिनचं पान दिसतं.

एका संशोधक विद्यार्थिनीने अख्खा प्रबंध असा लिहिला होता. लेख उघडायचा, वरचा पत्ता उचलायचा, संदर्भसूचीत चिकटवायचा. गाईडच्या हे लक्षात आलं नाही, कारण गाईडचंही लॉगिन आमच्याच विद्यापीठाचं, त्यांना सगळे दुवे व्यवस्थित उघडत होते. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. ते काटेकोर गृहस्थ, एकेक दुवा उघडून बघणारे. प्रत्येक दुव्यावर आमचं लॉगिन. त्यांनी अहवालात लिहिलं की संदर्भ पडताळता येत नाहीत. व्हायवा लांबला, बाईंच्या नोकरीचा अर्ज अडकला, आणि मग मंडळी ग्रंथालयात आली.

‘वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस करून टाकू’ असा त्यांच्या मित्राचा सल्ला होता. केलंही तसं. शेपूट उडालं, पण आडव्या रेघांची पुन्हा टिंबं करताना काही पत्त्यांमधल्या मूळच्या रेघाही गेल्या. जे दुवे निदान लॉगिनपर्यंत पोचत होते, ते आता कुठेच पोचेनात. शेवटी आम्ही बसून एकेका लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, शोधून लावला. घाईघाईने सुचवलेल्या युक्त्यांबद्दल माझं मत तेव्हापासून आणखीच वाईट झालंय.

माझी सवय साधी आहे. लेख उघडला की वरच्या पट्टीकडे बघायचंच नाही. लेखाच्या पहिल्या पानावर १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय असतो, तो उचलायचा. तो प्रकाशकाने साइट बदलली तरी टिकतो आणि प्रॉक्सीशी त्याचा काही संबंध नसतो. संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोने जतन केलंत तर ते प्रॉक्सीचं शेपूट सहसा स्वतःच काढून टाकतं, पण सूची छापण्याआधी एकदा नजर फिरवाच. प्रबंध एकदा शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की ती सूची जगाला दिसत राहते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘ही बघा लिंक’ म्हणून टाकलेले पत्तेही याच जातीचे. तिथेही डीओआय टाका.

रात्रभर डाउनलोड लावून झोपणं

एक्स्टेन्शन मिळालं की काहींना वाटतं, आता अख्खं जर्नलच घरी आणावं. एका मुलाने लायब्ररीच्या एक्स्टेन्शनने लॉगिन केलं, शेजारी ‘पानावरच्या सगळ्या लिंक उतरवा’ छापाचं दुसरं एक्स्टेन्शन चालू केलं, आणि तो झोपला. सकाळी आम्हाला प्रकाशकाचा मेल. पद्धतशीर डाउनलोड आढळलं, सबब प्रवेश थांबवला आहे.

प्रॉक्सीतून जाणारे सगळेजण प्रकाशकाला एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकावरून, आलेले दिसतात. त्याने तो पत्ता बंद केला की एकट्या मुलाची नाही, घरून वाचणाऱ्या प्रत्येकाची वाट बंद होते. त्या आठवड्यात दुसऱ्या विभागाच्या एक बाई प्रकल्पाचा अहवाल लिहीत होत्या. त्यांनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे प्रॉक्सीच्या नोंदी असतात, त्यामुळे कुणाच्या लॉगिनने झालं ते लगेच कळलं. ‘मी तर फक्त सेव्ह करत होतो, नंतर वाचणार होतो,’ हे त्याचं उत्तर. मोठ्या विद्यापीठांचंही असं झालंय. २०१० मध्ये एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या जर्नल-संग्रहाचे लेख धडाधड उतरवले गेले, तेव्हा जेस्टोरने अख्ख्या एमआयटीचा प्रवेश काही दिवस बंद केला होता.

जो लेख वाचायचाय तोच उतरवा. मी तर सारांश वाचल्याशिवाय पीडीएफला हातच लावत नाही. फोल्डरमध्ये साठवलेल्या शेकडो फायली म्हणजे अभ्यास झाला असं मानणाऱ्यांची मला काळजी वाटते. खरोखरच मोठा मजकूर-संच हवा असेल, भाषेचं विश्लेषण वगैरे करायचं असेल, तर ग्रंथालयामार्फत प्रकाशकाची परवानगी मागता येते. वेळ लागतो. लागू द्या.

बारीकसारीक, पण रोजचं

वाचनकक्षात बसून मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर तुम्ही कॅम्पसमध्ये नाही. प्रकाशकाला खुर्ची दिसत नाही, आयपी दिसतो. विद्यापीठाच्या वाय-फायवर असाल तर बहुतेक ठिकाणी एक्स्टेन्शनची गरजच पडत नाही.

फुकट व्हीपीएन चालू ठेवून लॉगिन करू नका. कुठल्यातरी परदेशी पत्त्यावरून आल्यासारखे दिसता आणि अडकता.

लॉगिनचं पान बुकमार्क करू नका. इन्फेडसारख्या (अनेक संस्थांच्या सामायिक), शिबोलेथ या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लॉगिनमध्ये तर हे हमखास फसतं, कारण ते पान त्या एका भेटीपुरतंच तयार झालेलं असतं. ‘स्टेल रिक्वेस्ट’ असा काही संदेश आला तर पासवर्ड बदलत बसू नका. पान बंद करा आणि लेखाच्या मूळ पानापासून पुन्हा सुरुवात करा. बॅक बटण दाबूनही हाच संदेश येतो.

पीडीएफ उतरली पण उघडत नाही? फायलीचा आकार बघा. काही किलोबाइटच असेल तर तो लेख नाही, लॉगिनचं पानच पीडीएफच्या नावाने जतन झालंय.

अँड्रॉइडवरच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सवर चालतात, पण तुमचं तिथे उपलब्ध आहे का ते आधी बघा.

इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालू होत नाही.

लायब्ररीची तीन-चार एक्स्टेन्शन एकदम ठेवू नका. एक लायब्ररीचं, एक मोफत प्रत शोधणारं अनपेवॉल आणि एक झोटेरोचं, एवढी पुरे झाली. दोघांनी मिळून एकाच पत्त्याला दोनदा प्रॉक्सी लावली की जे पान उघडतं त्याचं निदान करताना आमचाही अर्धा तास जातो. झोटेरो कनेक्टर तर जुनी प्रॉक्सी लक्षात ठेवतो. विद्यापीठ बदललेल्या पोस्टडॉक मंडळींना तो इमानाने जुन्याच दारात नेऊन उभा करतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीची यादी असते, ती साफ करा.

एक्स्टेन्शन ग्रंथालयाच्या पानावरच्या दुव्यावरूनच घ्या, स्टोअरमध्ये नाव शोधून नाही. या एक्स्टेन्शनना तुम्ही उघडता ती पानं वाचायची परवानगी असते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांचं एक्स्टेन्शन मालक बदलल्यावर बिघडलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. आणि जे एक्स्टेन्शन स्वतःच्याच चौकटीत विद्यापीठाचा पासवर्ड मागतं, ते तत्क्षणी काढा. पासवर्ड फक्त विद्यापीठाच्या किंवा इन्फेडच्या पानावर टाकायचा.

विभागातल्या सामायिक संगणकावर काम झाल्यावर लॉगआउट करा. क्रोममध्ये स्वतःचं जीमेल चालू ठेवून उठून जाणाऱ्यांचे पासवर्ड मला माहीत करून घ्यायचे नसतात, तरी ते समोर येतात.

एवढं करूनही लेख मिळाला नाही, तर तो बहुधा आपल्याकडे नाहीच. तेव्हा परवानगीशिवाय लेख फुकट देणाऱ्या साय-हबचं काहीतरी एक्स्टेन्शन शोधायला जाऊ नका. त्याच्यावर डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला दाखल झाला. लेखकाला मेल करा. बरेच लेखक स्वतःची प्रत आनंदाने पाठवतात, आणि विद्यार्थ्याने नम्रपणे मागितली तर लवकर पाठवतात. नाहीतर ग्रंथालयाला कळवा. आपली संस्था डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याची सदस्य असेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवता येतो. मेलमध्ये डीओआय लिहा, लेखाचं पूर्ण नाव लिहा, आणि स्क्रीनशॉट जोडत असाल तर वरची पत्त्याची पट्टी कापू नका. दुपारी तीनच्या आत मेल आला तर मी त्याच दिवशी मागणी लावते.