सँड फिल्टरची वाळू, मोटरीचा सूर: काँटॅक्ट माइकवर प्रायोगिक संगीत

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या मळ्यात ठिबकचा सँड फिल्टर (पाणी गाळणारी वाळूची टाकी) बॅकवॉशला, म्हणजे धुवायला, लावला की पाणी उलटं फिरतं आणि टाकीतली वाळू उचलली जाते. शेजारी उभं राहिलं तर नुसती सळसळ ऐकू येते. टाकीच्या पत्र्याला काँटॅक्ट माइक, म्हणजे हवेतला आवाज न घेता वस्तूची थरथर पकडणारा माइक, लावा, मग पत्र्यावर आपटणारी वाळू सुटी सुटी ऐकू येते. काय वाजवावं हे सुचत नसेल तर संगणकात आवाज घडवणारं नवं प्लगिन शोधण्याआधी असा एक आवाज शोधा.

माइकला लागते 27 मिमीची पिझो चकती (थरथरीतून वीज तयार करणारी), दोन मीटर शिल्डेड केबल आणि 6.35 मिमीचा मोनो जॅक. केबलची आतली तार चकतीच्या मधल्या पांढऱ्या भागाला, जाळी पितळी कडेला. पितळ आधी पॉलिश पेपरने घासलं की सोल्डरचा डाग पटकन धरतो. पांढऱ्या भागावर मात्र सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका. वरचा चांदीचा थर सुटतो आणि चकती वाया जाते. शिल्ड नसलेली साधी वायर वापरली तर 50 हर्ट्झची गुणगुण येणारच.

‘आवाज पातळ येतो, खर्जच नाही,’ ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा इनपुटचा असतो. ही चकती म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ती 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं. ऑडिओ इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) 1 मेगाओहमच्या गिटार इनपुटला जोडा, हीच हद्द 8 हर्ट्झवर जाते.

पत्रा कोरडा पुसून चकती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट दाबा. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. वॉल्व्ह उघडताना मोठा धक्का बसतो, म्हणून पीक उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि स्टार्टरच्या पेटीपासून लांब राहा.

आता सूर. वीज 50 हर्ट्झची. चुंबकाची ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा येते, म्हणून पंपाची मोटर 100 हर्ट्झवर गुणगुणते. सिंथसायझर नेहमीच्या 440 हर्ट्झला न लावता मोटरीला लावा: 100 म्हणजे सा, 150 पंचम, 200 तार सा. मोटरीच्या रेकॉर्डिंगखाली 100 हर्ट्झचा शुद्ध साइन सूर ठेवला तर विजेच्या ग्रिडची वारंवारता जरा हलताच दोन्हींत संथ लहर उठते. ती जपा, प्रायोगिक संगीताचा खरा आनंद तिथंच आहे.

वाळूचे 20 ते 80 मिलिसेकंदांचे तुकडे ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये कापा. कापल्या जागी टकटक आली तर दोन्ही टोकांना 3 मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू चढवा-उतरवा. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक उतरतो. पाव केला तर दोन, पण 6 किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही आणि आवाज मंद वाटतो.

फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी 1948 साली पॅरिसमध्ये रेल्वेच्या आवाजांतूनच रचना बांधली होती. म्हणून काही तुम्ही भुसावळच्या रुळांवर उतरू नका, तो गुन्हा आहे. त्यापेक्षा कापसाच्या हंगामात परवानगी काढून जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) जा. चकती मशीन बंद असतानाच लोखंडी चौकटीवर लावा आणि केबल मशीनच्या फिरत्या पट्ट्यांपासून लांबून न्या.