220 डी, श्रीखंडाचे डबे आणि तीन पावसाळे

जुनी गाडी घरी आली की पहिल्या संध्याकाळी हात आपोआप पॉलिशच्या डबीकडे जातो. माझाही गेला. मामांची 1973 ची मर्सिडीज 220 डी पुण्यात मुकुंदनगरच्या बंगल्यात चिंचेखाली चौदा वर्षं उभी होती. ती ओढत सहकारनगरला आमच्या पार्किंगमध्ये आणली आणि लगेच डाव्या दारावर फडकं फिरवायला बसलो. दार खालच्या बाजूला जरा जास्तच गुळगुळीत लागलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढल्यामुळे बोटांना संशय लवकर येतो. वर जाऊन फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट आणलं आणि दाराला लावलं. ते सरळ घसरून खाली पडलं. दाराच्या तळाशी वीतभर पत्राच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती.

म्हणून सुरुवात मॅग्नेटनं करा. पातळ फडक्यात गुंडाळून ते सगळ्या गाडीवरून फिरवा. एका कागदावर गाडीच्या चार बाजू काढा आणि मॅग्नेट जिथे सुटतं तिथे लाल पेन्सिलनं खूण करा. या मॉडेलमध्ये (कंपनीच्या भाषेत डब्ल्यू 115) गंजाची घरं ठरलेली आहेत: हेडलाइटभोवतीचा पत्रा, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा आणि दाराखालचा उंबरा म्हणजे सिल, त्यातही जॅक घालायच्या नळ्यांच्या आसपास. सिलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. सिल सडलेली असताना जॅक लावला तर जॅक वर जातो आणि गाडी आहे तिथेच राहते. माझ्या कागदावर सतरा लाल खुणा झाल्या. तो कागद पाहून मी पॉलिश परत कपाटात ठेवलं.

पाना हातात घेण्याआधी कागदपत्रं बघा. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर एक प्लेट असते. 220 डीचा चासी नंबर 115.110 नं सुरू होतो आणि प्लेटवर रंगाचा कोडही असतो. माझ्या गाडीचा 906, म्हणजे करडा-निळा. वरून गाडी पांढरी होती, मधे कोणीतरी रंगवलेली. नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. अशा बऱ्याच गाड्या वकिलातींनी आणल्या आणि पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. आमची त्यातलीच. त्यामुळे आयातीचे जुने कागद हाती लागले तर जपा. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार आहे आणि ती 10 वर्षं चालते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठी फेरफार चालत नाही. शिवाय ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज भाजीला नेण्याचा विचार असेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्याआधी तो सोडून द्या. ‘जुनं इंजिन काढा, नवीन बसवा’ असं सांगणारे गॅरेजवाले भेटतील. त्यांचं का ऐकायचं नाही, ते या नियमात आहे.

आता खोलणं. बोल्ट मिसळले की गाडी बसलीच म्हणून समजा. आमच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबे टाकत नाहीत. ते सगळे मी उचलले, एकूण एकेचाळीस. झाकणावर मार्करनं ‘डावं दार, वरची बिजागरी, 3 बोल्ट, 2 वायसर’ असं लिहायचं आणि आत वेगळी चिठ्ठी टाकायची, कारण तेलकट हातांनी झाकणावरची अक्षरं पुसली जातात. हिनं नंतर गुढीपाडव्याला नवा डबा मागितला, तेव्हा माझ्याकडे एकही रिकामा नव्हता. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो काढा, सोडल्यावर पुन्हा काढा. वायरी आणि रबरी नळ्या कुठून कशाखालून जातात ते दीड वर्षानं आठवत नाही.

जाम बोल्टवर जोर लावू नका. डोकं तुटलं की ड्रिल, टॅप आणि शिव्या यात अर्धा दिवस जातो. भोवतीचा भाग गॅस टॉर्चनं तापवा, लाल करायचा नाही, आणि आट्यांपाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत शिरतं. मग पाना आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित फिरवा आणि नंतर उलटा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की बोल्ट सुटला. टाकी किंवा डिझेलची नळी जवळ असेल तिथे हा उद्योग करू नका. आणि डिझेलची टाकी वेल्डिंगला देऊ नका, रिकामी असली तरी. आतली वाफ पेटते.

छोट्या गंजक्या तुकड्यांसाठी सॅण्डब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढून घ्यायला, जायची गरज नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, जुना 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह टोक आपल्या तुकड्याला, पॉझिटिव्ह टोक टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. रात्रभरात गंजाचा काळा चिखल होतो, तो ब्रशनं निघतो. पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून टब उघड्यावर ठेवा. स्प्रिंगा यात घालू नयेत, त्या ठिसूळ होतात. बाहेर काढलेला तुकडा त्याच तासात प्रायमरखाली गेला पाहिजे. मी जूनमध्ये एकदा जेवायला वर गेलो आणि खाली येईपर्यंत बिजागरीवर केशरी छटा आली होती.

सिलचं वेल्डिंग मी डेंटरचाचांकडून पार्किंगमध्येच करून घेतलं, सेक्रेटरींची नोटीस पायाशी ठेवून. एकच लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंची सिल एकदम कापू नका. दारं बसवलेलीच ठेवा, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घ्या, फटी मोजून लिहा आणि मग कापा. नाहीतर मधे बॉडी वाकते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत आणि चौदा वर्षांत कॅलिपरचे (डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या भागाचे) पिस्टन जाम झालेले असणारच. चाक फिरत नसेल तर आधी दोषी कोण ते ठरवा. ब्लीड स्क्रू, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा कॅलिपरवरचा स्क्रू, सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष, दाब मागे अडकतोय: रबरी होज आतून फुगून बंद झालाय किंवा पेडलमागचा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. चाक तरीही जाम असेल तर पिस्टन. माझ्या पुढच्या दोन्ही होजमधून तारसुद्धा जात नव्हती, बाहेरून मात्र ते छान दिसत होते. रबरी होज सगळे बदला, बघत बसू नका.

जाम पिस्टन हवेच्या प्रेशरनं काढतात, मी मात्र सांगणार नाही. तो गोळीसारखा सुटतो आणि वाटेत बोट असेल तर बोट जातं. त्यापेक्षा कॅलिपर गाडीवरच असताना, पॅड काढून, मधे लाकडाचा ठोकळा ठेवून पेडल दाबा. एक पिस्टन क्लॅम्पनं धरून दुसरा सरकवायचा, मग उलट. तेही जमलं नाही तर होजच्या भोकाला ग्रीसगन जोडा. ती हळू ढकलते, पण ताकद प्रचंड. ग्रीसनं सील मरतं, ते तसंही बदलायचंच आहे, पण नंतर आतला ग्रीसचा शेवटचा कण ब्रेक क्लीनरनं निघाला पाहिजे. ब्रेकच्या रबराला ऑइल, डिझेल, साधं ग्रीस काहीच चालत नाही. आणि जुन्या पॅडची धूळ फुंकू नका, त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

माझे तीन पिस्टन खड्डे पडलेले निघाले. टूलरूमवाल्याला लगेच खाज सुटते, स्टेनलेसचा तुकडा लेथवर लावून स्वतःच टर्न करावा. ब्रेकच्या बाबतीत ती खाज मी मारली आणि जर्मनीहून संच मागवला. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या घातल्या. त्या करून घेताना टोकाचा आकार तपासा. जर्मन गाडीला नळीचं टोक बुडबुड्यासारखं फुगीर लागतं. आपल्याकडचा मेकॅनिक सवयीनं आत दुमडलेलं डबल फ्लेअर करून देतो. ते बसल्यासारखं वाटतं आणि आठवड्यानं पाझरतं.

सुट्या भागांबद्दल पुणेकरांचं नशीब जोरावर आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, ट्रॅव्हलरसाठी जे इंजिन घेतलं ते मर्सिडीजचंच ओएम 616. आपल्या 220 डीचं ओएम 615 त्याचं थोरलं भावंड. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोघांचा 92.4 मिमी, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) इथे 87 आणि तिथे 91. म्हणून पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांचं नाव काढू नका. बाकी कुठलाही भाग मागवण्याआधी जुना खिशात आणि व्हर्नियर हातात घेऊन ट्रॅव्हलरचे पार्ट विकणाऱ्याकडे एक फेरी मारा. ऑइल सीलवर माप छापलेलं असतं आणि बेअरिंगवर नंबर, ते तर नाना पेठेत कोणत्याही गाडीचं नाव न घेता मिळतं. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात गेलो की मी रिकाम्या हातानं परतलो नाही, अर्थात आणलेलं सगळं गाडीला लागलं असंही नाही.

इंजिन. चावी फिरवायची घाई नको. हीटर प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून आतून तापवणारे) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून हातानं फिरवा, फिरायच्या दिशेनंच. अडलं तर थांबा. जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकीची जाळी धुवा. हातानं दोन पूर्ण फेऱ्या सुरळीत झाल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. चांगल्या इंजिनात ते 22 ते 24 बार येतं, 15 च्या खाली गेलं तर इंजिन उघडायचं आणि सिलिंडरांमधला फरक 3 च्या आत हवा. माझं आलं 20, 19, 21 आणि चौथं 16. भाचा म्हणाला, उघडूया. मी म्हटलं, आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे त्याच्यापाशी सोडलेली फट, बघू. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट होता, फिलर गेजची सगळ्यात बारीक पात जात नव्हती. तो नीट केल्यावर 19 आलं आणि ओव्हरहॉलिंगचा खर्च वाचला.

या गाडीचे हीटर प्लग एकामागे एक जोडलेले आहेत, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की सगळे गेले. डॅशबोर्डवरच्या जाळीमागे एक बारीक कॉइल लाल होते, ती झाली नाही तर मल्टिमीटर घेऊन एकेक प्लग तपासा.

पहिल्यांदा चालू करताना दोन माणसं हवीत. या गाडीच्या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, इनटेकमधल्या (हवा आत जायच्या वाटेतल्या) व्हॅक्यूमवर चालतो आणि त्यात चामड्याचा पडदा असतो. पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमची नळी सुटली तर पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन पळत सुटतं. तेव्हा भाच्याला मी इनटेकपाशी प्लायवूडचा तुकडा देऊन उभा केला: आवाज चढला की तोंड बंद कर, हात लावायचा नाही, फळीच. त्यानं विचारलं, ‘काका, चढला म्हणजे किती?’ तेवढ्यात इंजिन लागलं, पांढरा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि त्यानं घाबरून लगेच फळी लावली. इंजिन बंद. फळी काम करते हे तरी कळलं.

वायरिंगमध्ये अर्धे प्रश्न फ्यूजचे असतात. चिनी मातीचे, गोळीच्या आकाराचे फ्यूज त्यांच्या जागीच बोटानं दोन वेळा गोल फिरवून बघा. माझा वायपर आणि एक टेललाइट तेवढ्यानं जिवंत झाले. नंतर संपूर्ण संच नवीन घातला.

चकचकीत पट्ट्या क्रोमच्या मुलाम्याला देताना प्रत्येक पट्टीचा फोटो, लांबी आणि संख्या लिहून समोरच्याची सही घ्या. मी बावीस तुकडे दिले, एकवीस परत आले. ‘एवढेच होते’ यावर वाद घालायला माझ्याकडे कागद नव्हता. गेली ती डाव्या मागच्या दाराची पट्टी, अजून शोधतोय.

सीटखाली स्प्रिंगांवर रबर मारलेल्या केसा-काथ्याची गादी असते. तिचा भुसा झाला असेल तर फोम घालू नका, बसायची उंची बदलते. काथ्याचं काम जाणणारा कुशनवाला शोधा.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात अजिबात नको. प्रायमर पाणी शोषतो आणि वरून कितीही छान रंग मारला तरी पुढच्या वर्षी फोड येतात. पुण्यात दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत करा. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) घरी मारू नका, त्यातल्या विषारी आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही. घासकाम, प्रायमर आणि पाणीपेपर मी घरी केलं आणि वरचा 906 बूथमध्ये मारून घेतला.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर पहाटे साडेपाचला दिवे घाटापर्यंत गेलो, चाळीसच्या वर नेली नाही. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघा, हे पहिल्या फेरीनंतर प्रत्येकानं करावं. तीन कोमट होती. मागचं उजवं एवढं गरम की हात ठेववेना. ब्लीड स्क्रू सोडला, चाक तसंच घट्ट. म्हणजे होज नाही. हँडब्रेकचे शू वेगळे, डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये असतात हे मी विसरलो होतो आणि त्यांची केबल कधी खोललीच नव्हती. गाडी पुन्हा घोडीवर चढली आणि मी हिच्याकडे बेचाळिसावा डबा मागितला.