फेडरल नोकरी गेली? अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज असा करा

२०२५ पासून अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकऱ्यांवर जी कुऱ्हाड चाललीये त्यात आपली माणसंही आहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की आपण तर सरकारी, पगारातून अनएम्प्लॉयमेंटचे, म्हणजे बेरोजगारी भत्त्याचे, पैसे कधी कापलेच नाहीत, मग आपल्याला मिळतं का? मिळतं. फेडरल सिव्हिलियन (लष्करात नसलेल्या) कर्मचाऱ्यांसाठी यूसीएफई नावाची वेगळी सोय आहे, पैसे तुमची एजन्सी, म्हणजे तुमचं सरकारी खातं, भरते, अर्ज आणि निर्णय मात्र राज्याकडे. खासगी कंपनीतही बहुतेक राज्यांत हे पैसे मालकच भरतो, त्यामुळे संकोच अजिबात नको, ही खैरात नाहीये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कुठल्या राज्यात अर्ज करायचा यात. साधारणपणे राहता तिथे नाही, तर शेवटचं ऑफिशियल ड्यूटी स्टेशन, म्हणजे कागदोपत्री कामाचं ठिकाण, जिथे होतं तिथे. म्हणजे घर ॲशबर्नला आणि ऑफिस बेथेस्डाला, तर अर्ज व्हर्जिनियात नाही, मेरीलँडच्या बीकन नावाच्या अर्जाच्या पोर्टलवर. तुमचा एसएफ-५० (नेमणूक, बदली वगैरेची नोंद असलेला सरकारी फॉर्म) काढा, त्यात ३९ नंबरच्या चौकटीत ड्यूटी स्टेशन असतं, तेच धरायचं. आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होतात तरी कागदावर बेथेस्डा असेल तर मेरीलँडच. पूर्ण रिमोट असाल आणि चौकटीत तुमचंच गाव असेल तर मग तुमचं राज्य. फेडरल नोकरी संपल्यावर, अर्जाआधी, दुसऱ्या राज्यात खासगी नोकरी केली असेल तर नियम बदलतो, तेव्हा आधी राज्याच्या ऑफिसला फोन करून विचारा.

आता कागद. शेवटच्या दिवशी पीआयव्ही कार्ड (सरकारी ओळखपत्र, लॉगिनलाही तेच लागतं) आणि लॅपटॉप घेऊन टाकतात आणि मग ईओपीएफ, म्हणजे तुमची ऑनलाइन नोकरीची फाइल, उघडायची मारामार, म्हणून ॲक्सेस आहे तोवरच शेवटचा एसएफ-५०, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा फॉर्म), गेल्या दीड वर्षाच्या पगाराच्या स्लिपा आणि नोकरी संपल्याचं पत्र घरच्या प्रिंटरवर किंवा पर्सनल ईमेलवर घेऊन ठेवा. एजन्सीने एसएफ-८ नावाचा फॉर्म द्यायला हवा, त्यावर एजन्सीचा पत्ता आणि कोड असतो. नाही दिला तर मागा, पण त्यासाठी अर्ज थांबवू नका, नोकरी संपली की त्याच आठवड्यात भरा, कारण उशीर झाला तर मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत.

फॉर्ममध्ये गेल्या १८ महिन्यांत फेडरल सिव्हिलियन नोकरी केली का असं विचारतात, तिथे हो. मग पहिलं पत्र येतं आणि त्यावर तुमची कमाई शून्य डॉलर दिसू शकते. घाबरू नका, फेडरल पगार राज्याच्या सिस्टिममध्ये नसतो, तो एजन्सीकडून मागवावा लागतो. १२ दिवसांत एजन्सीचं उत्तर आलं नाही तर राज्य तुमच्या ॲफिडेव्हिटवर (प्रतिज्ञापत्रावर) निर्णय देऊ शकतं, आणि त्या वेळी त्या पगाराच्या स्लिपाच कामाला येतात. कमाई मोजताना बहुतेक राज्यांत शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार धरतात, म्हणजे मे २०२५ मध्ये अर्ज केला तर २०२४ चा जानेवारी ते डिसेंबर. रक्कम राज्यावर असते, मेरीलँडमध्ये २०२५ ला आठवड्याला जास्तीत जास्त ४३० डॉलर आणि २६ आठवडे. पगाराच्या मानाने काहीच नाही, पण ग्रोसरी आणि बिलं तरी निघतात.

नोकरी का गेली ते जसं घडलं तसंच लिहा. प्रोबेशनवाल्यांच्या (नोकरीच्या सुरुवातीच्या चाचणी काळात असलेल्यांच्या) पत्रात परफॉर्मन्सचं कारण टाकलं असेल तरी अर्ज कराच, कामगिरी कमी पडणं आणि गैरवर्तन या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत. चांगले रिव्ह्यू मिळालेले असतील तर तेही जोडा. डिफर्ड रेझिग्नेशन (आत्ता राजीनामा द्या, काही महिने पगारी रजा घ्या अशी सरकारची ऑफर) घेतलेल्यांचं मात्र अवघड आहे, तो स्वतःहून दिलेला राजीनामा धरला जाऊ शकतो, आणि पगारी रजेवर आहात तोवर तुम्ही बेरोजगार नाहीच. सेव्हरन्स (नोकरी गेल्याची भरपाई) आणि उरलेल्या रजेचे पैसे मिळाले असतील तर लपवू नका, त्यामुळे भत्ता कापायचा की नाही ते राज्य ठरवेल.

अर्ज पेंडिंग असला तरी दर आठवड्याचं सर्टिफिकेशन, म्हणजे त्या आठवड्यात बेरोजगार होतो आणि काम शोधत होतो असं राज्याला कळवणं, पहिल्यापासून करत राहा, आणि कुठे कुठे अप्लाय केलं ते तारखेसकट लिहून ठेवा. आपल्याकडे नोकरी गेली की आधी भारतात आईबाबांकडे जाऊन येऊ असं वाटतं, साहजिक आहे, पण ते आठवडे तुम्ही कामासाठी उपलब्ध नसता, तेव्हा तिकडून लॉगिन करून क्लेम करू नका, पैसे दंडासकट परत मागतात. या पैशांवर टॅक्सही लागतो, डब्ल्यू-४व्ही नावाचा फॉर्म भरून १० टक्के फेडरल टॅक्स आधीच कापून घेतलेला बरा.

नकार आला तर पत्रावर अपीलची शेवटची तारीख असते, मुदत फार थोडी असते. अपील करा आणि निकाल लागेपर्यंत सर्टिफिकेशन चालूच ठेवा, नाहीतर जिंकलात तरी मधल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत.