लग्न झालेल्या मुलाला घरची बातमी कशी सांगायची

"मोकळा झालास की फोन कर, बोलायचंय" असा मेसेज मुलाला कधीच टाकू नका. मी टाकला होता, भाचीचं लग्न ठरलं होतं आणि मला ते माझ्या तोंडानं सांगायचं होतं एवढंच, पण तो मीटिंगमध्ये अडकलेला, दोन तास त्याला वाटत राहिलं की बाबांना काहीतरी झालंय, फोन आला तेव्हा आवाज कापत होता त्याचा. तेव्हापासून पहिल्याच ओळीत लिहिते, "सगळे बरे आहेत, आनंदाची बातमी आहे, निवांत फोन कर."

तब्येतीचं मात्र दडवू नका. "त्याला कशाला टेन्शन" म्हणून आपण गप्प बसतो आणि मग त्याला ते चुलत भावाकडून कळतं, हे मुलांना फार लागतं हो. फोन करायच्या आधी कागदावर लिहून घ्या, काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, परत कधी बोलावलंय. ह्यांची शुगर वाढली तेव्हा मी नुसतं "खूप वाढलीये रे" म्हणत होते, किती ते सांगताच येईना. आता एचबीएवनसी म्हणून रक्ताची तपासणी असते तिचा आकडा सांगते, तो साधारण गेल्या 2-3 महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवतो, एका सकाळच्या शुगरवरून तेवढं कळत नाही. आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की क्वालिटी कमी होते, बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

त्यानं यावं असं वाटत असेल तर सरळ "ये" म्हणा. "तुझं तू बघ" म्हटलं की तो रात्रभर विचार करत बसतो.

सुनेला वगळू नका. मोठी बातमी असली की "तीही आहे ना, स्पीकरवर टाक" म्हणायचं. "तिला सांगू नकोस" म्हटलं की त्याची दोन्हीकडून कुचंबणा होते. आणि लेकीला दिवस गेले असतील तर ती बातमी तिची, तिला विचारल्याशिवाय भावालासुद्धा सांगायची नाही.

कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला फोन करा. आधी विचारा, कुठे आहेस, गाडी चालवतोयस का, चालवत असेल तर बाजूला घ्यायला सांगा, मग स्पष्ट शब्दात सांगा, "मामा गेला रे." आडून आडून "सिरीयस आहे" वगैरे नको. आणि सांगून झालं की बोलत राहू नका, त्याला वेळ द्या. माझा भाऊ गेला तेव्हा मिनिटभर फोनवर काहीच आवाज नव्हता, मग गॅलरीचं दार सरकवल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "आई, तू काही खाल्लंस का?" मी खरं ते सांगितलं, नाही म्हटलं.