स्वस्तातली जिप्सी जॅझ गिटार: घेताना काय तपासायचं, घेतल्यावर काय दुरुस्त करायचं

जिप्सी जॅझसाठीची सेल्मर पद्धतीची स्वस्त गिटार हाती आली की बहुतेकांचा पहिला खर्च होतो खुंट्यांवर आणि दुसरा पिकअपवर, म्हणजे आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणाऱ्या यंत्रावर. दोन्ही नंतर करता येतात. या गिटारचा आवाज वरची पातळ फळी, तिच्यावर तारांच्या नुसत्या दाबाने उभा राहणारा ब्रिज (तारांना टेकू देणारा लाकडी तुकडा) आणि तारा यांच्यावर अवलंबून असतो. फळी आणि मान धड असलेली गिटार निवडायची आणि ब्रिज नीट बसवायचा, एवढं झालं की कमी पैशांत खरोखर वाजणारं वाद्य मिळतं.

मारिओ माकाफेरीने आखलेली ही गिटार पॅरिसच्या सेल्मर कंपनीने 1932 मध्ये काढायला सुरुवात केली आणि 1952 मध्ये उत्पादन थांबलं. एकूण हजाराच्या आतच बनल्या. जिप्सी जॅझचा प्रसिद्ध वादक जँगो राइनहार्ट याची 503 क्रमांकाची गिटार त्यातलीच. आज बाजारात मिळतात त्या सगळ्या त्याच धर्तीवरच्या: सागा कंपनीच्या गिटान आणि सिगानो, आल्तामिरा, आरियाची एमएम मालिका. मूळ गिटार कशी होती हे ठाऊक असलं की दोष कशाला म्हणायचं ते कळतं. उदाहरणार्थ, मूळ सेल्मरचीही पाठ आणि बाजू लॅमिनेटच्या होत्या. तेव्हा ‘पाठ प्लायची आहे’ म्हणून गिटार नाकारू नका. वरची फळी मात्र अखंड स्प्रूसची हवी. भोकाच्या कडेला बघा: वरून दिसणाऱ्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला थर दिसले किंवा रेषा वरच तुटल्या तर ती लॅमिनेट आहे, आणि तिचा आवाज कितीही कष्ट घेतले तरी ठरावीक हद्दीपुढे जात नाही.

सौदा मोडायला लावणाऱ्या गोष्टी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे मानेचा कोन. 60 सेंटिमीटरची सरळ पोलादी पट्टी फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवा, तिसऱ्या फ्रेटपासून ठेवली तरी चालते, आणि दुसरं टोक ब्रिजच्या जागेपर्यंत न्या. तिथे पट्टीची खालची कड फळीपासून 9 ते 12 मि.मी. उंच असायला हवी. तारा फ्रेटांच्या पातळीपेक्षा ब्रिजपाशी साधारण 5 ते 6 मि.मी. वर जातात, म्हणजे ब्रिज 15 ते 18 मि.मी. उंचीचा बसतो. या उंचीला तारांचा ब्रिजवरचा दाब योग्य पडतो. कड 6 मि.मी.वर आली तर ब्रिज 11-12 मि.मी.चा करावा लागेल, दाब कमी पडेल, आवाज मलूल होईल आणि जोरात ठोका मारला की ब्रिज सरकेल. यावर खरा इलाज मान काढून पुन्हा बसवणं हाच, आणि त्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीलाच जाऊन भिडतो. सोडून द्या.

गिटार दूर असेल, फक्त फोटोच बघता येत असतील, तर विकणाऱ्याकडून दोन मापं मागवा: ब्रिजची उंची, आणि बाराव्या फ्रेटवर जाड सहाव्या तारेखालची फट. ब्रिजच्या उंचीतून फटीची दुप्पट वजा करा; उरते ती वर सांगितलेली पट्टीच्या कडेची उंची. ब्रिज 14 आणि फट 4.5 असेल तर उरले 5 मि.मी. जाहिरातीत ‘ॲक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) थोडी वर आहे, ब्रिज घासला की झालं’ असं लिहिलेलं असतं ती गिटार बहुधा हीच. घासून फट 3 मि.मी.वर आणली तर ब्रिज 11 मि.मी.चा उरतो.

दुसरी गोष्ट फळीचा आकार. या गिटारच्या फळीला किंचित कमान असते आणि ब्रिजच्या आसपास आडवा बाक दिलेला असतो. तिरप्या उजेडात बघा. ब्रिजच्या दोन पायांखाली खळगा पडलेला असेल किंवा भोकाच्या बाजूला फळी आत गेली असेल तर आतली आडवी ब्रेस (फळीला आधार देणारी पट्टी) सुटली आहे किंवा फळी दबली आहे. बोटाच्या पेराने हलकेच ठोकत जा. सुटलेल्या ब्रेसवर आवाज एकदम फुटका, फडफडल्यासारखा येतो. डी आकाराच्या मोठ्या भोकातून हात आत जातो, म्हणून तिथली सुटलेली ब्रेस दुरुस्त होते. लंबगोल लहान भोकाच्या गिटारमध्ये तेच काम फार जिकिरीचं आहे.

तिसरी गोष्ट, ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक जुळवणारा आतला गज, फिरतो का. आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरी मान वाकलेली असेल तर नको.

मानेच्या टाचेपाशी केसाएवढी भेग, जुनाट खुंट्या, घासलेले फ्रेट, सुटलेल्या मिशा, म्हणजे ब्रिजच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले लाकडी तुकडे, पॉलिशवरचे ओरखडे: हे सगळं भाव पाडायला उपयोगी. सुट्या भागांचा आणि कारागिराचा मिळून खर्च गिटारच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे जात असेल तर दुसरी गिटार शोधणं बरं.

वाजवून बघताना जाड पिक घ्या, 2.5 मि.मी.पेक्षा कमी नको, आणि ब्रिजच्या जवळ वाजवा. पातळ पिकने भोकावर वाजवली तर कुठलीही सेल्मर पद्धतीची गिटार किरकिरीच वाटते.

आधी तारा

या गिटारला लागतात त्या पोलादी गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचं वेटोळं असलेल्या तारा. सावारेझच्या आर्जेंटिन तारा हा रूढ पर्याय. पहिली तार 0.010 किंवा 0.011 इंचाची. साध्या अकूस्टिक गिटारचा 0.012चा ब्राँझ संच लावू नका. लंबगोल भोकाच्या गिटारची तारेची लांबी बहुधा 670 मि.मी. असते आणि नेहमीच्या अकूस्टिकची 648. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तीच तार त्याच सुरात इथे सुमारे 7 टक्के जास्त ओढते. पातळ फळी आणि आडव्या ब्रेस यांच्यावर हा बोजा पडला की दोन-तीन वर्षांत खळगा दिसू शकतो. दबलेल्या बऱ्याच फळ्यांमागचं कारण हेच असतं. मागवण्याआधी टेलपीस (तारांची मागची टोकं अडकवायचा भाग) बघून घ्या: फासाच्या टोकाची तार हवी की गोळीच्या. काही टेलपीस दोन्ही घेतात, सगळे नाही.

ब्रिज: खरं काम इथे आहे

स्वस्त गिटारचा ब्रिज बहुतेक वेळा फळीला नीट टेकलेला नसतो. पाय सपाट, फळी कमानदार. मग दोन्ही पाय फक्त कडांवर उभे. पायाखाली पातळ कागद सरकवून बघा, सहज आत जातो. तारेची बरीचशी शक्ती तिथेच वाया जाते.

ब्रिजची जागा आधी ठरवा. नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) झीरो फ्रेट, म्हणजे पहिल्या फ्रेटच्याही आधीचा जादा फ्रेट, असेल तर त्याच्या मध्यापासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा, दुप्पट करा, पहिल्या तारेला 1 ते 2 मि.मी. आणि सहाव्या तारेला 4-5 मि.मी. मिळवा. ब्रिज म्हणूनच किंचित तिरका बसतो. अंतिम जागा कानाने आणि ट्यूनरने: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एक यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज मागे, उतरता असेल तर पुढे. मिशा कुठे चिकटवल्या आहेत यावर भरवसा ठेवू नका; त्या चुकीच्या जागी असू शकतात.

जागा ठरली की मास्किंग टेपने चारी बाजूंनी खूण करा. तारा सैल करून ब्रिज काढा. फळीवर आधी मास्किंग टेपचा थर द्या, त्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवा, आणि ब्रिज त्याच्या नेमक्या जागी ठेवून तारांच्या दिशेत पुढे-मागे घासा. हेलकावे एक सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, कारण फळीची वक्रता प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ब्रिज डोलू देऊ नका, बोटं पायांच्या अगदी जवळ धरा. शेवटी 220 नंबर. तपासायला ब्रिज जागेवर दाबून मागून टॉर्च मारा. पायाखालून उजेडाची रेघही दिसता कामा नये.

यात उंची अर्धा ते एक मि.मी. कमी होते. म्हणून पाय आधी, वरची कड नंतर. उलट केलं की ब्रिज ठेंगणा होतो. ठेंगणा झालाच तर पायाखाली कठीण लाकडाची पूर्ण लांबीची पातळ पट्टी चिकटवा. पुठ्ठा किंवा कागद घालू नका, आवाज दबतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर 1 मि.मी. कमी करायचा तर ब्रिज 2 मि.मी. घासा. या शैलीत ॲक्शन मुद्दाम वर ठेवतात, सहाव्या तारेखाली 3 मि.मी.च्या आसपास आणि पहिल्या तारेखाली 2.5. इलेक्ट्रिक गिटारसारखी खाली आणली की ताल धरताना तारा फ्रेटांवर आपटतात आणि आवाजातला कडकपणा जातो. खाचा तारेच्या अर्ध्या जाडीएवढ्याच खोल ठेवा, टेलपीसच्या दिशेने उतरत्या.

ब्रिज भरीव आणि जड असेल तर आतून पोकळ केलेला रोझवूडचा नवा घ्या. सगळ्या सुट्या भागांमध्ये पैसा वसूल होतो तो यात. घरी कोरायचाच असेल तर वरची भिंत 3 मि.मी. तरी ठेवा, नाहीतर दाबाने ती मध्ये बसते.

मान, फ्रेट, झीरो फ्रेट

मान अगदी सरळ नको. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून सातव्यापाशी फट मोजा, 0.2 ते 0.3 मि.मी. ठीक. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात आणा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा.

मोकळ्या तारेवर झणझण आणि दाबल्यावर ती नाहीशी होत असेल तर झीरो फ्रेटवर तारांनी चर पाडले आहेत. पुढचा नट इथे फक्त तारांमधलं अंतर राखतो, त्यामुळे नट बदलून काही होत नाही. झीरो फ्रेट उपटून नवा, तेवढाच किंवा किंचित उंच बसवा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली तर पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसली पाहिजे. बाकी फ्रेट तीन-तीनच्या गटाने छोट्या सरळ पट्टीने तपासा. पट्टी डगमगली तर मधला उंच. एखाददुसरा असेल तर घरी घासून गोल करता येतो, अख्खी मान खालीवर असेल तर कारागिराकडे द्या.

कुरकुर शोधणं

टेलपीस हा पहिला संशयित. त्याच्या आणि फळीच्या मध्ये 1-2 मि.मी.चा फेल्टचा तुकडा ठेवा, मधली लाकडी पट्टी सैल असेल तर चिकटवा. ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांत चामड्याची पट्टी विणली की तिथला नको असलेला झंकार थांबतो. तरी आवाज राहिला तर तोच सूर कुणाला तरी वाजवत ठेवायला सांगा आणि खुंट्यांचे स्क्रू, मिशांची टोकं, ट्रस रॉडचं झाकण एकेक बोटाने दाबत जा. आवाज थांबला तिथे दोष.

पहिली आणि सहावी तार मानेवरच्या फ्रेटांच्या पट्टीच्या कडांपासून सारख्या अंतरावर नसेल तर टेलपीसचे स्क्रू सैल करून तो एक-दोन मि.मी. सरकवा.

खुंट्या खरंच घसरत असतील तरच बदला, आणि आधी दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. क्लासिकल संचात ते 35 मि.मी. असतं; तुमच्या गिटारला तेच असेल असं धरून चालू नका.

जाड पॉलिएस्टरचं पॉलिश खरवडून आवाज मोकळा करायचा मोह टाळा. ते रसायनाने सहज सुटत नाही, घासावं लागतं, आणि खाली किती लाकूड उरलं ते घासताना कळत नाही.

तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज पडतो आणि इंटोनेशनचं, म्हणजे ब्रिजची जागा सुरात जुळवण्याचं, काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तरी टेपच्या खुणेऐवजी पायाच्या कडेशी मऊ पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा, कारण नवी तार ताणताना ब्रिजचं डोकं नटाकडे झुकतं. प्रत्येक तारेनंतर ते बोटाने मागे सरळ करा.