अल्बमचं कव्हर छापायला देताय? या चुका टाळा

कव्हर तयार झालं, गायकाला आवडलं, इन्स्टाग्रामवर टाकूनही झालं आणि मग प्रेसला फोन करून माप विचारलं. स्वतःच्या खर्चानं सीडी काढणाऱ्या कलाकारांची बहुतेक दुखणी या उलट्या क्रमातून सुरू होतात.

माप न घेता बेतलेलं कव्हर

साधी ज्युवेल केस, म्हणजे सीडीची कडक प्लॅस्टिकची डबी घ्या. पुढची पुस्तिका 120 बाय 120 मिमी. मागचं कार्ड उलगडलेलं असताना 151 बाय 118 मिमी: मधला भाग 138 आणि दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा मिमीच्या पट्ट्या, म्हणजे स्पाइन. डिजिपॅकची, म्हणजे घडीच्या कार्डाच्या वेष्टनाची गोष्ट वेगळी. प्रत्येक कारखान्याची डाय (कार्ड कापायचा साचा) निराळी, त्यामुळे मापं मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं बदलतात. इंटरनेटवरून उतरवलेलं टेम्प्लेट दुसऱ्याच कुणाच्या तरी डायचं असतं.

प्रकरण साधारण असं घडतं. कार्यक्रम शनिवारी. फाइल नेमकी 120 बाय 120 मिमीची, ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर ठेवलेलं जादा चित्र) शून्य. प्रेसमधला ऑपरेटर अडलेल्याला मदत म्हणून चित्र पाच टक्क्यांनी मोठं करतो, म्हणजे चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड मिळतं. पण चित्रासोबत अक्षरंही बाहेर सरकतात. वरच्या कडेपासून 4 मिमीवर असलेलं गायकाचं नाव आता 1.2 मिमीवर येतं. कटिंगमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. मग पाचशेच्या गठ्ठ्यात काही कव्हरांवर कडेला मात्रेचा बुंधाच उरतो, काहींवर वेलांटी उडालेली असते. ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात आलेली फाइलच अपुरी होती. शनिवारी तीच कव्हरं टेबलावर मांडावी लागतात.

म्हणून आधी कारखाना ठरवा, त्यांचं टेम्प्लेट मागवा आणि त्यानंतरच पहिली रेघ ओढा. चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड स्वतः ठेवा आणि अक्षरं कडेपासून किमान 4-5 मिमी आत घ्या. डायची रेष वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट रंगात (नेहमीच्या चार शाईंबाहेरच्या स्वतंत्र रंगात) ठेवा. ती शेवटच्या फाइलमध्ये हवी की नको हे विचारून घ्या, नाहीतर गुलाबी रेघेसकट छापलेली कव्हरं हातात येतात.

घडीच्या रेषेवर रंग बदलू नका. घडी अर्धा-एक मिमी सरकतेच. पुढचं पिवळं आणि स्पाइन काळी असेल, तर काळ्याची बारीक पट्टी पुढच्या बाजूला डोकावते. मागचाच रंग स्पाइनवरून पुढे जाऊ द्या. साडेसहा मिमीच्या स्पाइनवर 8 पॉइंटच्या पुढे जाऊ नका. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार यांची जागा लागते. अक्षरांची दिशा तपासायला सोपी खूण: ज्युवेल केस तोंड वर करून टेबलावर ठेवली, की दोन्ही बाजूंची नावं सरळ वाचता आली पाहिजेत.

आणि डमी करा. साध्या कागदावर, शंभर टक्के मापात (प्रिंटरचं ‘फिट टू पेज’ बंद करून) छापा, कापा, घडी घाला, आत खरीखुरी सीडी ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे. पीडीएफ बघूनच समाधान मानणाऱ्या नवख्या डिझायनरना ही वीस मिनिटं जड जातात. पण पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, दहा पानांची पुस्तिका पिन मारून होत नाही, हे डमी करतानाच कळतं.

देवनागरी म्हणजे आयत्या वेळी चिकटवायचा मजकूर नव्हे

मराठी अल्बमवर मराठीच चुकलेलं असणं, ही चूक सर्वांत जास्त खुपते. समजा शीर्षकात ‘दऱ्या’ हा शब्द आहे. डोंगरांमधल्या दऱ्या. फॉन्टमध्ये अर्ध्या ‘र’चं ते आडवं रूप नसेल किंवा टाइप करताना साधा ‘र’ घेतला, तर कव्हरवर उमटतं ‘दर्या’. म्हणजे समुद्र. स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. इथे खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलंत, मग ‘य’ असंच टाइप करायचं. तरीही रफारच आला, तर फॉन्ट बदलायचा.

मांडणीच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही, तर जोडाक्षरं सुटी पडतात, हलंताचे पाय दिसू लागतात आणि ‘किनारा’तली वेलांटी ‘क’च्या आधी न येता मागे पडून ‘न’वर चढते. मजकुराची भाषाही मराठी निवडा. चांगल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणाची रूपं वेगळी दिलेली असतात, भाषा हिंदी राहिली तर ती येत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. छापील कामाला चालतात, पैसे पडत नाहीत. इतके चांगले पर्याय असताना कुठूनतरी उचललेला, परवाना नसलेला फॉन्ट वापरू नये.

गीतांचे शब्द गीतकाराकडून युनिकोडमध्येच घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलमधला मजकूर रूपांतर न करता चिकटवला, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. रूपांतर केल्यावरही एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापायच्या पानावर बोट ठेवून बघायचं. हे झालं की मगच अक्षरं कर्व्ह करा (म्हणजे मजकुराचं चित्राकृतीत रूपांतर करा) आणि कर्व्ह न केलेली फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा. कर्व्ह झालेल्या अक्षरातला ऱ्हस्व उकार दीर्घ करायला पुन्हा सगळं मांडावं लागतं.

काळा रंग

स्क्रीनवरचा शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत) बदलला, की त्याच क्रमानं साधारण 75, 68, 67, 90 टक्के असा चार शाईंचा होतो. एकूण 300 टक्के शाई. त्यावर 5 पॉइंटची पांढरी श्रेयनामावली ठेवली आणि छपाईत एखादा रंग केसभर सरकला, तर अक्षरांची पोटं भरून जातात. काळी बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, 100 टक्के. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला 60, 40, 40, 100 पुरतं. त्यावरची पांढरी अक्षरं 7 पॉइंटच्या वर आणि जाड वजनात ठेवा.

गडद रंगाच्या 300 जीएसएमच्या जाड कार्डावर क्रीजिंगशिवाय (घडीची खाच आधी दाबून न घेता) घडी घातली तर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. क्रीजिंगचे पैसे वाचवू नका. खाकी क्राफ्ट कागदाचा मोह होतो, पण नेहमीच्या चार रंगांत पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा सदरा कागदाच्याच रंगाचा होतो. सीडीच्या चकतीवरही तसंच, खाली पांढरा थर सांगितला नाही तर पांढऱ्याच्या जागी चंदेरी दिसतं.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) संपायच्या आधी मागचं कार्ड छापू नका. गाण्यांचा क्रम शेवटच्या आठवड्यातही बदलतो.

बारकोड लाल रंगात नको. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. पूर्ण माप 37.29 बाय 25.93 मिमी आहे. 80 टक्क्यांच्या खाली जाऊ नका आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका.

रोमन लिपीतलं नाव एकदाच ठरवा. कव्हरवर एक स्पेलिंग आणि गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये दुसरं असलं, की स्ट्रीमिंगवर त्याच गायकाची दोन पानं तयार होतात. ती एकत्र करून घेणं कटकटीचं असतं.

स्ट्रीमिंगचं कव्हर वेगळं बनवा: 3000 बाय 3000 पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग). त्यावर वेबसाइटचा पत्ता, किंमत किंवा सोशल मीडियाचं हँडल असेल तर ते परत येतं. मग ते 100 पिक्सेलपर्यंत लहान करून बघा. फोनवर श्रोत्याला साधारण तेवढंच दिसणार आहे. नाव वाचता येत नसेल तर मांडणी बदला, नुसतं अक्षर जाड करून भागत नाही.

क्यूआर कोड 2 सेमीपेक्षा लहान नको, आणि तो स्वतःच्या डोमेनवर न्या. फुकटच्या लिंकसेवा बंद पडतात, छापलेला कागद मात्र घराघरांत राहतो.

कायद्याची ओळ

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52अ नुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी लागतात: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. मांडणीत अडचण होते म्हणून डिझायनर पत्ता काढून टाकतात. काढू नका. वर्तुळातला ‘पी’ ध्वनिमुद्रणासाठी आणि वर्तुळातला ‘सी’ चित्र व मजकुरासाठी. दोघांचे मालक वेगळे असू शकतात. फोटोग्राफरची परवानगी लेखी घ्या. तबलजी, ध्वनिमुद्रक, कोरसमधली मुलं, सगळ्यांची नावं घाला आणि ती त्यांच्याकडूनच लिहून घ्या. वर्षानुवर्षं साथ करणाऱ्या माणसाचं आडनाव चुकीचं छापलं गेलं, की ते त्याच्या घरच्यांनाही लागतं.

प्रूफ (तपासायला छापलेला नमुना) आला की तो ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. त्वचेचे रंग, काळ्यावरची बारीक अक्षरं आणि स्पाइनची दिशा, या क्रमानं. दुरुस्त्या फोनवर सांगू नका, प्रूफवरच लाल पेनानं करा, खाली तारीख आणि सही घाला आणि त्या पानाचा फोटो काढून मगच तो प्रेसला परत द्या.